पायपुसण्यावरची हेकाटी

ताई, नमस्कार.

मी मूळची कोल्हापूरची, गेली सहा वर्षं फ्रँकफर्टला असते. दिवसा एका ऑफिसात डिझाइनचं काम, रात्री स्वतःची चित्रं. दोन वर्षांपूर्वी गंमत म्हणून ग्रीक देवांची एक मालिका केली. पाठीवर चौकोनी बॅग लावून सायकल हाणणारा हर्मिस, पहाटे चार वाजता नाइट क्लबच्या पायरीवर कॅन घेऊन बसलेला मद्याचा देव डायोनिसस, फोनच्या कॅमेऱ्यात स्वतःला न्याहाळणारी अ‍ॅफ्रोडाइटी. त्यातली हेकाटी, तिठ्यांची आणि जादूटोण्याची देवी, सगळ्यांत जास्त खपली. तीन तोंडं, हातांत मशाली आणि किल्ल्या, पायाशी कुत्रा, अंगावर केशरी वस्त्र. केशरी का, तर तो रंग उरला होता.

आता घरसजावटीचं सामान करणाऱ्या एका कंपनीला ही हेकाटी पायपुसण्यावर आणि बाथरूमच्या मॅटवर छापायची आहे. पैसे चांगले आहेत, तीन महिन्यांचं घरभाडं निघेल. त्याच सुमारास ग्रीसमध्ये थेसालोनिकीजवळ राहणाऱ्या एका बाईंनी हेकाटीची दुसरी प्रत मागवली. मी पार्सलमध्ये हौसेनं चिठ्ठी टाकली, की लवकरच ही पायपुसण्यावरही मिळेल. त्यांचं उत्तर आलं, सोबत फोटो. माझं चित्र त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेलं, खाली छोटा दिवा, वाटीत मध, एक उकडलेलं अंडं, लसणाचा गड्डा. लिहिलं होतं, 'महिन्याच्या शेवटच्या रात्री मी हिच्यापुढे ताट ठेवते. चित्र तुमचं, निर्णयही तुमचा. मला वाईट वाटलं, एवढंच सांगायचं होतं.'

दोन रात्री झोप नाही. आईला फोन केला तर म्हणाली, 'अगं, ते मेलेले देव. त्यांना कोण विचारतंय?' नवरा म्हणतो, सही कर. मला वाटतं, गणपतीचं पायपुसणं कोणी काढलं असतं तर सगळ्यांत आधी मीच ओरडले असते. मी या देवांना मानत नाही, मग माझी चित्रं म्हणजे टिंगलच होती का? सगळी मालिकाच काढून टाकू का?

उरलेल्या केशरी रंगाची, फ्रँकफर्ट


अगं केशरी,

सहीच अशी केलीस, तर आता हेच नाव. आधी दोन उत्तरं देऊन टाकते म्हणजे आज तरी झोपशील. मालिका काढायची नाही. आणि या हेकाटीसाठी कंपनीच्या कागदावर सही करायची नाही. दुसऱ्या उत्तराचं कारण मात्र तू धरून बसली आहेस ते नव्हे, म्हणून पुढचं वाच.

मी चित्रकलेच्या कॉलेजात होते तेव्हा आमच्या अँटिकच्या वर्गात प्लास्टरचे पुतळे असायचे. भिंतीला टेकून अपोलोचं डोकं, हात नसलेली व्हीनस, कुणाचं तरी नुसतंच पाऊल. आम्ही डाँकीवर, म्हणजे चित्र काढायच्या बाकावर, बसून तासन्‌तास त्यांच्या छटा काढायचो. खंडेनवमीला शिपाईकाका हळद-कुंकवाचं ताट घेऊन आले. ईझल, ड्रॉइंग बोर्ड, कागद कापायचं कटर, एकेकाला बोट लावत लावत व्हीनसपाशी पोचले, क्षणभर थांबले आणि तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू टेकवून पुढे गेले. आम्ही फिदीफिदी हसलो. काका म्हणाले, 'हसता काय? वर्षभर शिकवतीये ती तुम्हाला.'

प्लास्टर पाणी पितं तसं ते कुंकूही प्यालं. नंतर कितीही पुसलं तरी कपाळावर फिकट गुलाबी डाग राहिलाच. मग आमच्यात वाद, की अभ्यास करताना तो डाग काढायचा की नाही. सर म्हणायचे सोडा, तो पुतळ्याचा भाग नाही. एक मुलगी म्हणायची, समोर दिसतोय तर सोडायचा कसा?

तुझ्या हेकाटीला असंच कुंकू लागलंय. लावणारी थेसालोनिकीजवळची. तू लाव म्हणाली नव्हतीस, पण ते आता आत मुरलंय.

आईच्या वाक्याकडे वळते. मेलेले देव. आईला दोष देत नाही, आपल्या पाठ्यपुस्तकांत झ्यूस आणि मंडळी 'प्राचीन' या शब्दाच्या पलीकडे येतच नाहीत. पण हे देव म्हातारपणानं गेले नाहीत. इ. स. ३९१ आणि ३९२ मध्ये रोमन सम्राट थिओडोसिअसनं फर्मानं काढली. देवळं बंद, बळी बंद, हे आपण ऐकलेलं असतं. पण ३९२ चं फर्मान थेट घरात शिरतं: घरातल्या देवांपुढे दिवा लावायचा नाही, धूप घालायचा नाही, हार अडकवायचा नाही. तुला आलेला फोटो परत काढून बघ. खालचा तो छोटा दिवा सोळाशे वर्षांपूर्वी गुन्हा ठरला असता.

आज ग्रीसमध्ये ही पूजा पुन्हा करणारे लोक आहेत. संख्येनं थोडे, पण संघटित. १९९७ मध्ये त्यांची एक परिषद स्थापन झाली. २००६ मध्ये अथेन्सच्या कोर्टानं अशाच एका दुसऱ्या संघटनेला मान्यता दिली आणि लगेच जानेवारी २००७ मध्ये त्या मंडळींनी ऑलिम्पियन झ्यूसच्या पडक्या देवळाच्या खांबांमध्ये उभं राहून प्रार्थना केली. देशाच्या चर्चमधून तेव्हा जी टीका झाली ती तुझ्या आईच्या बोलण्यापेक्षा वेगळी नव्हती, फक्त सूर जास्त कडवट होता. २०१७ मध्ये ग्रीक सरकारनं त्यांच्या धर्माला 'ज्ञात धर्म' म्हणून मान्यता दिली, म्हणजे कायदेशीर प्रार्थनास्थळ ठेवण्याची वाट मोकळी झाली. जुनी देवळं अर्थात पुरातत्त्व खात्याकडे. तिथे तिकीट काढून आत जाता येतं, देवाला दारू वाहता येत नाही. ऑगस्ट २००८ मध्ये अथेन्सच्या टेकडीवरच्या, अ‍ॅक्रोपोलिसवरच्या मूर्ती खालच्या नव्या संग्रहालयात नेण्याला विरोध म्हणून यातल्या काहींनी वर जाऊन अथेन्सची देवी अथीना हिची प्रार्थना केली होती, की हे थांबव. वर्तमानपत्रांनी ते विचित्र बातमी म्हणून छापलं. मला त्यात विचित्र काही वाटलं नाही. आपल्या गावची देवी उचलून कुणी काचेच्या कपाटात ठेवली तर गाव काय करेल?

पूजा हा शब्द मी सोयीसाठी वापरतेय, बरं का. त्यांची रीत वेगळी. साष्टांग नमस्कार नाही, गुडघे टेकणं नाही. उभं राहायचं, तळवे आकाशाकडे, आणि वाडग्यातून दारू किंवा मध-पाणी जमिनीवर किंवा वेदीवर ओतायचं. आरंभी आणि शेवटी चुलीच्या देवीला, हेस्तियाला, तिचा वाटा.

आणि ती महिन्याची शेवटची रात्र. जुन्या अथेन्सचे महिने चांद्र होते, अमावस्येला संपणारे, म्हणजे महाराष्ट्रातल्यासारखेच. सूर्याशी मेळ घालायला मधूनमधून एक जादा महिना घालायचे. आपला अधिक मास. महिना संपला त्या रात्री हेकाटीचं जेवण. घर झाडायचं, राख-कचरा बाहेर काढायचा आणि जिथे तीन रस्ते मिळतात तिथे तिच्यासाठी ताट ठेवून मागे न बघता परत यायचं. अंडी, लसूण, मासळी, छोट्या पोळ्या. ते ताट खायचं कोण? अ‍ॅरिस्टोफेनीस या जुन्या ग्रीक विनोदी नाटककाराच्या एका नाटकात याचं उत्तर आहे: श्रीमंत दर महिन्याला हेकाटीला जेवण पाठवतात आणि ते टेकवायच्या आधीच गरीब उचलून नेतात. उतारा तिठ्यावर टाकणाऱ्या आणि त्यातला नारळ उचलणाऱ्या लोकांत वाढलेल्या तुला हे समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी नवा महिना. त्या दिवसाची एक गोष्ट पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञानं जपून ठेवली आहे. आशियातल्या मॅग्नेशियाचा एक गडगंज माणूस, दरवर्षी देवाला शंभर-शंभर बैल देणारा, डेल्फीला देववाणी सांगणाऱ्या देवळात गेला आणि विचारलं, देवांचा सर्वांत चांगला मान कोण राखतो? त्याला वाटलं, आपलंच नाव येणार. उत्तर आलं, आर्केडियातल्या मेथिड्रिऑन गावचा क्लिआर्कस. हा चिडून शोधत गेला. बघतो तर गाव एवढंसं आणि माणूस साधा. तू करतोस तरी काय, विचारल्यावर क्लिआर्कस म्हणाला, दर महिन्याच्या पहिल्या दिवशी वाडवडिलांनी ठेवलेले हर्मिस आणि हेकाटी घासूनपुसून लख्ख करतो, माळ घालतो, धूप आणि पिठाच्या पोळ्या ठेवतो. बस्स.

तुझ्या फोटोतल्या बाई क्लिआर्कसच्या जातकुळीतल्या आहेत. म्हणून मी त्यांच्या तीन वाक्यांना इतकं वजन देते.

आता तुला टोचतंय ते: 'मी मानत नाही, तरी माझं चित्र देव झालं कसं?' अगं, हे ग्रीसमध्ये फार जुनं आहे. हेकाटी आधी एकाच अंगाची होती. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस लिहितो, की माझ्या मते तीन अंगं एकमेकांना जोडलेली हेकाटी पहिल्यांदा अल्कामिनीसनं घडवली. अल्कामिनीस म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला शिल्पकार, तुझ्यासारखाच पोटासाठी ठोकाठोकी करणारा. एका कलाकाराची युक्ती लोकांना पटली आणि तीच तिची ओळख झाली. तुझी तीन तोंडं म्हणजे त्याचीच उसनवारी. आणि केशरी? जुन्या ऑर्फिक स्तोत्रांत हेकाटीचं वर्णनच केशरवस्त्रा असं आहे. तुझा उरलेला रंग त्या बाईंना प्रचिती वाटला असणार! हसू येतंय ना? येऊ दे. पण चिठ्ठीत 'रंग उरला होता' असं त्यांना कळवू नकोस.

देव कोण करतं, याचं आपल्याकडचं उत्तर तुला पाठ आहे. पेणच्या कारखान्यात मांडणीवर शंभर गणपती असतात तेव्हा ती शाडू असते, मूर्तिकार त्यांच्यातच डबा खातो. घरी आणून प्रतिष्ठा केली की मग तो गणपती. ग्रीकांकडेही मूर्ती बसवायचा विधी होता, शिजवलेल्या कडधान्यांची मडकी पुढे ठेवायचे. म्हणजे देव करण्याचं काम तू केलेलंच नाहीस, ते त्या बाईंनी केलं. उगाच अपराधीपणाही घेऊ नकोस आणि मोठेपणाही.

अथेन्सचंच बघ. शिल्पकार फिडिअसची सोन्याहस्तिदंताची अथीना टेकडीवरच्या पार्थेनॉन या देवळात, सुमारे बारा मीटर उंच, बघायला दुनिया लोटायची. पण दर वर्षी विणून आणलेलं वस्त्र तिच्यासाठी नसायचंच. ते जायचं ऑलिव्हच्या लाकडाच्या एका जुन्या ओबडधोबड मूर्तीला, जी आकाशातून पडली असं लोक सांगायचे. आपल्या भाषेत तांदळा. आणि फिडिअसच्या देवीच्या अंगावरचं चाळीस टॅलंट, म्हणजे सुमारे हजार किलो, सोनं? अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस युद्धाच्या खर्चाचा हिशेब मांडताना शांतपणे सांगतो, वेळ पडली तर ते सुटं काढून वापरता येईल. एक तिजोरी, एक देवी, त्याच टेकडीवर. उलटही घडायचं. प्रॅक्सिटेलीस या शिल्पकारानं दोन अ‍ॅफ्रोडाइटी केल्या, एक वस्त्रातली, एक नग्न. कॉस बेटानं लाजून वस्त्रातली घेतली. नग्न मूर्ती क्निडॉसनं घेतली, देवळात बसवली आणि तिच्यावाचून गावाचं पान हलेना. पुढे निकोमिडीस राजा म्हणाला, मूर्ती द्या, तुमचं सगळं कर्ज फेडतो. क्निडॉसकरांनी कर्ज ठेवून घेतलं.

तू त्या बाईंना संगमरवराच्या पांढऱ्या देवांची भक्त समजू नकोस. तुझ्याच गावात माइन नदीच्या काठी लीबिगहाउस हे शिल्पांचं संग्रहालय आहे. व्हिन्झेन्झ ब्रिंकमान आणि उलरिके कॉख-ब्रिंकमान यांनी जुन्या मूर्तींवरचे रंगाचे अवशेष शोधून केलेल्या रंगीत प्रतिकृती तिथे बघायला मिळतील. २००३ मध्ये म्युनिकला पहिल्यांदा त्या मांडल्या तेव्हा अनेकांना त्या भडक, बाजारू वाटल्या. जत्रेतल्या वाटल्या, असं एखादा मराठी माणूस म्हणाला असता आणि ते कौतुक ठरलं असतं.

मग टिंगल. इसवी सनापूर्वी ४०५ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनीसचं 'बेडूक' अथेन्सला झालं, डायोनिससच्याच उत्सवात. नाटकात डायोनिसस पाताळात जातो, वाटेत एम्पुसा नावाची भुतीण दिसते. ती हेकाटीच्याच गोतावळ्यातली, बघ. देवाची गाळण उडते आणि तो धावत जातो तो थेट पुढच्या रांगेत बसलेल्या स्वतःच्याच पुजाऱ्याकडे: वाचव बाबा, म्हणजे नंतर तुझ्याबरोबर प्यायला तरी येईन! पुढे तर भीतीनं त्याची चड्डीही खराब होते. या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. आपल्याकडे गण झाला की गवळणीत मावशी कृष्णाची कशी उतरवते, तसंच. त्याच अथेन्समध्ये दहा वर्षं आधी, ४१५ मध्ये, एका रात्रीत कोणीतरी दारोदारच्या हर्मिसच्या शिळांची तोंडं फोडली. लोकांना त्यासाठी मरणाच्या शिक्षा झाल्या, मालमत्ता लिलावात गेल्या. हसणं चालायचं कारण सगळे एकाच मांडवात बसलेले होते. तू मांडवाबाहेरची आहेस, एवढं भान ठेवून हस.

तुझा हर्मिस मला फार आवडला. रस्त्यांचा, निरोपांचा, व्यापाराचा आणि चोरांचा देव आज सायकलवर डबेच पोचवणार, त्याला दुसरं काय काम मिळेल? तू नकळत त्याला अचूक ओळखलंस. डायोनिसस ठीक. अ‍ॅफ्रोडाइटी मात्र ढिली आहे. सुंदर बाई आणि आरसा हे हजारदा झालंय, कॅमेरा घातला म्हणून नवं होत नाही. ती काढून टाकायचीच असेल तर या कारणासाठी काढ.

मोठ्या चित्रकारांचं काय, असं विचारशील. जॉर्जो दे किरिको ग्रीसमध्येच, व्होलोसला, १८८८ मध्ये जन्मला. त्याच्या १९१४ च्या 'प्रेमगीत' या चित्रात अपोलोचं प्लास्टरचं डोकं भिंतीवर टांगलंय, शेजारी खिळ्याला लाल रबरी हातमोजा, खाली हिरवा चेंडू. आमच्या वर्गातलंच डोकं म्हणेनास! अमेरिकन चित्रकार साय ट्वॉम्ब्ली तर देवाचं नुसतं नाव गिरगटायचा, शाळकरी पोरानं फळ्यावर लिहावं तसं, आणि तेवढ्यानं अंगावर काटा येतो. इटालियन कलाकार पिस्तोलेत्तोनं १९६७ मध्ये चिंध्यांच्या ढिगाकडे तोंड करून व्हीनस उभी केली. तिची मोठी आवृत्ती जुलै २०२३ मध्ये नेपल्सच्या चौकात जळून खाक झाली, आणि शहर हळहळलं ते कलाकृतीसाठी. विसाव्या शतकाचा हा सगळा खेळ चालला तो एका गृहीतावर, की समोर भक्त कुणी नाही, आहेत ते फक्त प्रेक्षक. तुला त्यांच्यापेक्षा एक गोष्ट जास्त ठाऊक झाली. तुझ्याकडे फोटो आला.

आता पाय. 'गणपतीचं पायपुसणं' म्हणून तुझ्या पोटात गोळा आला, तो गोळा आपला आहे. आपण पाय लागला तर वहीला नमस्कार करतो. ग्रीकांना पायाचं हे वावडं नव्हतं. त्या बाईंच्या गावापासून पेल्ला, जुन्या मॅसिडोनियाची राजधानी, फार लांब नाही. तिथल्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरची गारगोट्यांची फरशी आहे, बिबट्यावर बसलेल्या डायोनिससची. ती जेवणाच्या दालनात होती, लोक तिच्यावरून चालायचे. डेलॉस बेटावरही डायोनिसस जमिनीवरच. तेव्हा त्यांना वाईट वाटलं ते पायामुळेच, असं गृहीत धरून कोल्हापूरचा सोवळेपणा त्यांच्यावर लादू नकोस. मला विचारशील तर त्यांना खटकलं ते वेगळं असावं. ज्या चेहऱ्याकडे बघून त्या महिनाअखेरीस बोलतात, तोच चेहरा उद्या कुणाच्याही बाथरूममध्ये, सवलतीच्या ढिगात, साबणाच्या पाण्यात. चेहरा तोच हे दुखणं. माझा अंदाज चुकू शकतो, म्हणून त्यांनाच विचार. सरळ विचारलेलं लोकांना आवडतं.

तुझ्या डोक्यात हुसेन येऊन गेले असणार. पंढरपुरात जन्मलेल्या त्या म्हाताऱ्याला २००६ मध्ये देश सोडावा लागला. तिथे जमाव होता, खटले होते, तोडफोड होती. त्या वातावरणात चित्रकार चित्र मागे घेतो तेव्हा त्याला आदर म्हणत नाहीत. इथे जमाव कुठाय? तीन वाक्यं लिहिणारी एक बाई, आणि निर्णय तुमचा असंही तिनंच लिहिलेलं. तिच्यामागे पक्ष नाही, मोर्चा नाही. ती तुझं काहीच वाकडं करू शकत नाही. सही केलीस तरी कोणाला पत्ता लागणार नाही, आणि म्हणूनच हा निर्णय फक्त तुझा उरतो. मी तुझ्या जागी असते तर हे एक चित्र बाजूला ठेवलं असतं. भक्तांनी मागितलं म्हणून नव्हे. गिऱ्हाइकानं एक वस्तू विकत घेऊन ती जपली आणि नंतर तिच्याबद्दल बोललं, म्हणून.

तीन महिन्यांचं भाडं मी विसरलेले नाही. कंपनीला डायोनिसस दे. तो तसाही पायरीवरच बसलाय, आणि जमिनीवर राहायची त्याला तेवीसशे वर्षांची सवय आहे. पेल्लाच्या फरशीचा फोटो सोबत जोड, असल्या गोष्टीवर कंपन्या भाळतात. करार करताना कोणत्या वस्तू ते एकेक करून लिहून घे, 'इतर सर्व उत्पादने' असा शब्द दिसला की खोड. जर्मन कायद्यात मूळ हक्क विकताच येत नाही, वापराचे हक्क तेवढे देता येतात, तेव्हा 'सगळे हक्क आमचे' म्हणणाऱ्याला घाबरू नकोस. हेकाटीच्या छापील प्रती पूर्वीसारख्या विक, त्याला कोणाची हरकत नाही.

त्या बाईंना लांबलचक माफीनामा नको. चित्र कसं वापरता ते कळलं, पायपुसण्याचा बेत या चित्रापुरता सोडला, आणि नेमकं काय खटकलं ते सांगाल का, एवढं पुरे. आपल्याकडेही अमावस्येला तिठ्यावर ताट ठेवतात हे लिहिलंस तर त्यांना गंमत वाटेल. मी तुमच्या देवांना मानते असं खोटं लिहू नकोस, त्यांनी विचारलेलं नाही.

आईसाठी एक निरोप. विदिशेजवळ बेसनगरला एक खांब उभा आहे. तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूतानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तो वासुदेवासाठी उभारला, आणि त्यावर स्वतःला भागवत म्हणवून घेतलं. त्यांच्यातल्यानं आपल्या देवाला विचारलं होतं. आणि पुढच्या सुट्टीत कोल्हापूरला गेलीस की तिला घेऊन टाउन हॉलच्या संग्रहालयात जा. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला काशाचा छोटासा पोसायडन तिथे आहे, समुद्राचा ग्रीक देव, रोमच्या व्यापारातून आलेला. शोभेला आणला की पूजेला, हे काही त्याच्या अंगावर कोरलेलं नाही. आई काय म्हणते ते मला कळव.

आणि त्या बाईंना उत्तर पाठवायचं ते अमावस्येच्या आत पाठव. आईच्या कालनिर्णयात बघितलंस तरी चालेल, एखादा दिवस इकडेतिकडे, पण रात्र बहुतेक तीच असते.

तुझी,
ताई